लोण्याचा आमदार

टॅबिथा क्रेनने लोण्याचं भांडं काउंटरवर ठेवलं आणि नेहमीप्रमाणे तिच्या मागून तिचा नवरा लेम्युएल बोलला, "या लोण्याच्या बदल्यात तंबाखू बांध, ऑरिन."

ऑरिन बकलीचा हात सवयीने तंबाखूच्या डब्याकडे गेला आणि थांबला. बायकोचं लोणी म्हणजे नवऱ्याचा माल, असा कायदा होता तोवर या दुकानदाराने निमूटपणे तंबाखू तोलली होती. टॅबिथा दर खेपेला चष्म्यांच्या तबकाशी घुटमळायची आणि तशीच परतायची. ते बघवेना म्हणून हा भला माणूस दुकान बायकोवर सोपवून निवडणुकीला उभा राहिला, राज्याच्या सभागृहात गेला आणि बायकोच्या कमाईवर बायकोचाच हक्क, या एकाच कायद्यासाठी अख्खा हिवाळा त्याने घसा कोरडा केला. तिथले बडे वकील त्याला 'लोण्याचा आमदार' म्हणून चिडवायचे. कायदा मात्र झाला.

"लोणी वहिनींचं आहे, लेम्युएल. त्यांनाच विचार."

"आता तंबाखूसाठी बायकोची परवानगी काढू? कुणाचा हुकूम?"

"कायदा आहे. कालपासून लागू झालाय."

"तुला मत दिलं ते रस्त्यासाठी. आमच्या घरात नाक खुपसायला नाही."

शेगडीभोवती बिस्किटांच्या पिंपांवर टेकलेली मंडळी खो खो हसली. टॅबिथा खाली मान घालून उभी होती. सभागृहात ऑरिन तिच्या वतीने बोलला होता. इथे तिलाच बोलायला हवं होतं. ती गप्प राहिली, तर सगळी खटपट कागदावरच राहणार होती. त्याने चष्म्यांचं तबक तिच्यापुढे सरकवलं.

तिने एक चष्मा लावला, काढला. दुसरा लावला. तिसरा लावून स्वतःच्या बाहीची शिवण बराच वेळ निरखली.

"हा द्या," ती म्हणाली. "आणि उरेल त्यात बसेल तेवढी तंबाखू. पण माझ्याकडे द्या."

ऑरिनला इतका आनंद झाला, की पुडीची गाठ काही केल्या बसेना.

पुडी घेऊन ती नवऱ्याकडे वळली. लेम्युएलने शेगडीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि शेवटी हात पुढे केला.

"अहो, पुढच्या वेळी घरीच मागत जा," ती हळूच म्हणाली. "चारचौघांत बरं दिसत नाही."