पेटीतलं एक मत

"हलू नका, उमेदवारसाहेब," न्हावी म्हणाला. "मतदानाआधी कान जाईल."

खुर्चीतला माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. प्रत्येक प्रांतिक निवडणुकीला उभा राहायचा आणि नेमानं पडायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला उमेदवारच म्हणे. आज मात्र मत माणसाला द्यायचंच नव्हतं. ते यापुढे कसं द्यावं, एवढंच ठरवायचं होतं: जुन्यासारखा एका नावावर एक शिक्का, की आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे.

"आकड्यांनी काय साधणार?" न्हाव्यानं विचारलं.

"तुझा पहिला पडला, तर तुझं मत दुसऱ्याला जातं. वाया जात नाही."

"म्हणजे तुमची सोय."

तेवढ्यात उमेदवाराची बायको दारात आली. "अहो, उरका. केंद्र बंद होईल." मग आरशातल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी तर बाई आकड्यांनाच कौल देणार. दर वेळी तुमच्या नावापर्यंत हात जायचा नि मागे यायचा. तुम्ही पडणारच, वर तो ठेकेदार निवडून यायचा."

उमेदवारानं गर्रकन मान वळवली. देवाची कृपा, वस्तरा वेळीच उचलला गेला.

"मागच्या खेपेला आपल्या पेटीत मला एक मत निघालं, ते तुझं नव्हतं?"

"माझं कुठलं? तुमचंच ना ते?"

"मी मास्तरीणबाईंना दिलं," तो ओशाळून म्हणाला. "ठेकेदार पडावा म्हणून. म्हटलं, आपल्याला घरचं एक आहे, तेवढं पुष्कळ. त्याच्याच जिवावर पुन्हा उभा राहणार होतो."

बायकोला हसू आवरेना. "धन्य आहे तुमची. उमेदवारानंच उमेदवाराला पाडलं."

तोही हसला. फेसाचे थेंब आरशावर उडाले. हसता हसता तो थांबला. "मग ते मत कुणाचं?"

आरशात आता दोनच चेहरे होते. गिऱ्हाइकागणिक उमेदवाराच्या पराभवाची नक्कल करून दाखवणारा न्हावी खाली वाकून कात्री शोधत होता. कात्री त्याच्या वरच्या खिशात होती.

"चला, चला," तो खालूनच म्हणाला. "उरलेली दाढी आल्यावर. केंद्र काय माझ्यासाठी थांबतंय?"

तिघं रस्त्यानं निघाले. उमेदवाराचा एक गाल गुळगुळीत, दुसरा पांढराशुभ्र. येणारेजाणारे वळून बघत होते. त्याला कशाचं भान नव्हतं. त्यानं न्हाव्याचा दंड घट्ट धरला होता.

"दंड सोडा हो," न्हावी पुटपुटला. "पडणार हे ठाऊकच होतं. पण शेजारच्या माणसाच्या नावापुढे अगदी शून्य... बरं दिसत नाही."