आंबेहळदीचा लेप

"तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे, वयानं त्या ताठरल्यात," डॉक्टर म्हणाले.

सूज म्हटल्यावर निवृत्त मुख्याध्यापक भास्कररावांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळायचं. गोळ्या कपाटात गेल्या. त्यांच्या छातीला लेप लावायला वेणूताई रोज सहाणेवर आंबेहळद उगाळू लागल्या. उगाळताना हात भरून यायचा, दम लागायचा. पण नवऱ्याच्या काळजापुढं बायकोच्या हाताचं काय एवढं?

महिन्यानं तपासणीला गेले, तेव्हा साहेबांची छाती नवरदेवासारखी पिवळीजर्द. ईसीजीच्या वायरी चिकटेनात.

"काकूंना दम का लागलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वयानं होतं. तिचं सोडा, माझं बघा," भास्करराव पडूनच म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना उठवून वेणूताईंना झोपवलं. वायरी लगेच चिकटल्या. कागद बघताच डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

"वयानं होतं हो," स्ट्रेचरवरून वेणूताई नवऱ्याला म्हणाल्या. "माझं सोडा. उद्याचा लेप तेवढा तुमचा तुम्ही उगाळा."