ज्याचा त्याचा ग्लास

दिपकने पुढे केलेला ग्लास अमृतरावांनी घेतला नाही.

दिपकचा हात तसाच हवेत राहिला. उंच, कमरेशी निमुळत्या काचेत जर्मन गव्हाची धूसर पिवळी बियर होती आणि तिच्यावर दोन बोटे फेस. अमृतरावांच्या मित्राने, विश्वंभरने, चष्मा काढून पुसायला घेतला. आखाडा बाळापूरच्या शिवारातल्या त्या शेतघराच्या खिडक्या भर दुपारी बंद होत्या, कारण बाहेर हळद शिजत होती आणि तिच्या वासापुढे कोणत्याही बियरचा वास टिकला नसता.

"घ्या ना काका. या बियरला केळ्याचा वास येऊन राहिला बराबर," दिपक म्हणाला.

"तो ग्लास सरांचा आहे," अमृतराव म्हणाले.

भीमराज खिल्लारेने उठून आपला ग्लास दिपकच्या हातातून काढून घेतला. दुसऱ्याच्या ग्लासातून पिण्याची दिपकची ही तिसरी वेळ होती. दिपकने आधी विश्वंभरच्या ग्लासातून घोट घेतला, मग काकांच्या. तेव्हा भीमराज पाहुण्याची भीड धरून गप्प बसला होता. आता मात्र त्याने भीड सोडली.

"तुमी म्युनिकला दोन वर्षं काढली ना? तिथं हेच शिकलात?"

"सॉरी सर. मी ग्लास आणायचा विसरलो."

"विसरलात तर थांबायचं. ओठाचं तेल लागलं की फेस बसतो. एकीची चव दुसरीत मिसळते. तुमी बियर पिऊन राहिले की पाणी?"

"सर, तिकडं पाण्यालाच बियर म्हणतात," विश्वंभर म्हणाला. "पोराचा काय दोष?"



दर महिन्याच्या चौथ्या रविवारी ही बैठक भरे. प्रत्येकाने एक बाटली आणायची, तिच्याविषयी बोलायचे आणि सगळ्यांनी दहापैकी गुण द्यायचे. अमृतरावांनी दिपकच्या नादाने ती सुरू केली. दिपक परदेशी गेला, आणि पुढे सहा महिन्यांनी अमृतराव स्वतः भीमराजच्या दारात आले. बुद्धविहारामागच्या त्या गल्लीत त्यांची गाडी वळली नाही, तेव्हा ते चालत आले. म्हणाले, सर, केमिस्ट्रीचा माणूस पाहिजे आम्हाला.

ते वाक्य भीमराजने जपून ठेवले होते. कनिष्ठ महाविद्यालयात त्याचे ऐकत ते परीक्षेपुरते. इथे साठ एकरांचा मालक तोंडाशी आलेला घोट थांबवून विचारी, सर, ही कडू काहून लागते? आणि भीमराज सांगू लागे: भाजलेले सातू, पाण्यातले क्षार, थंड तळघरात संथपणे जागे होणारे यीस्ट. सांगताना त्याचा आवाज बदलत असे. तालुक्यात त्याला ही एकच जागा होती, जिथे त्याचे शब्द कुणी मोजूनमापून नव्हे, तहानेने घेत. ती जागा नियमांवर उभी आहे, असे तो मानी. म्हणूनच नियम मोडलेला त्याला सोसत नव्हता.

आजची त्याची बाटली टेबलावर होती. बेल्जियमच्या एका मठातली, काळसर तांबडी. मावसभावाने ब्रसेल्सहून आणलेली ती आठ महिने त्याने कपाटात अंधारात ठेवली होती.

"सर, राग सोडा," अमृतराव म्हणाले. "बाटली उघडा. आमी सगळे तुमच्या बाटलीची वाट पाहून राहिलो."

"न्हाई, अमृतराव. तुमच्यासाठीच बोलतोय मी. सख्खा पुतण्या असून तुमी त्याच्या हातचा ग्लास घेतला न्हाई. नियम म्हणजे काय, ते या खोलीत तुमाला एकट्याला कळतं."

अमृतरावांनी शेंगदाण्यांची बशी उगाच सरळ केली.

दिपकचा चेहरा उतरला होता, पण आवाजात धार आली. "सर, नियम नियम काय लावलंय? आमी सुरुवातीला तर एकाच ग्लासातून प्यायचो. मी, काका, विश्वंभरकाका. फिरवून फिरवून."

"खोटं."

"खोटं काहून बोलू?"

"पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे हा. मला स्वतः अमृतरावांनी सांगितलं. सर, आपल्याकडे ज्याचा त्याचा ग्लास." भीमराज विश्वंभरकडे वळला. "सांगा याला."

विश्वंभर चष्मा पुसतच राहिला.

"जाऊ द्या सर," अमृतराव म्हणाले. "लेकरू आहे."

"कसं जाऊ देऊ? उद्या हाच म्हणंल, सरांनी नियम काढला, सर लई शिष्ट." भीमराजने बाटली उचलून छातीशी धरली. "आज निकाल लागू द्या. एक तर नियम राहील, न्हाईतर मी बाटली घेऊन घरी जातो आणि पुन्हा येत न्हाई."

"ग्रुपवर असंल की," दिपक म्हणाला. त्याने मोबाईल काढला. "तुमी नंतर आलात, तुमाला जुने मेसेज दिसणार न्हाईत. मी पहिल्यापासून आहे."

"जुनं काहून उकरून राहिला रे?" अमृतराव एकदम मोठ्याने म्हणाले. "ठेव तो फोन."

"न्हाई, शोधू द्या त्याला," भीमराज म्हणाला. त्याला अमृतरावांची दया आली. पुतण्याची फजिती त्यांना पाहवत नसणार. "शोध. आणि मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

दिपकचा अंगठा मोबाईलच्या काचेवर सरकत राहिला. मग थांबला.

"हे बघा. काकांचाच मेसेज आहे. दीड वर्षापूर्वीचा." विजयाने त्याने घसा खाकरला आणि वाचू लागला, पण शेवटच्या शब्दांना पोहोचेतो त्याचा आवाज विझत गेला. "'पुढच्या रविवारपासून खिल्लारे सर येणार आहेत. माणूस हुशार आहे, कामाचा आहे. पण आपले ग्लास आता कपाटात ठेवू. ज्याने त्याने घरून आणावा, म्हणजे त्यांनाही वाईट वाटणार नाही.'"

"काहून?" भीमराजने अमृतरावांना विचारले.

अमृतराव उठले, दाराशी काढलेल्या चपला त्यांनी पायात सरकवल्या आणि शिजत्या हळदीच्या वाफेकडे चालू लागले.