धुरपताबाईची घुगरी

"चांदी काढावीच लागेल, मावशी. डोक्याजवळ धातू चालत नाही," वाशिमच्या स्कॅन सेंटरात डॉक्टर रत्नमाला म्हणाली.

धुरपताबाईचा हात आपसूक कानशिलाकडे गेला. लग्नात केसांच्या पेडांत लोकरीच्या दोऱ्यांनी गुंफलेली चांदीची घुगरी दोन्ही अंगांना लोंबत होती. बंजारा तांड्यावरची बाई ती उतरवते नवरा गेल्यावरच. आणि नवरा तर समोरच्या बाकावर बसून बिस्कीट खात होता.

"काहून काढावं?" नणंद हिरीबाई उसळली. ती सोबत आली होती ती मदतीला नव्हे, राखणीला. "चांदीले का लोहचुंबक लागते?"

"लागत नाही, आत्या. पण फोटो बिघडतो. जे पाहायचं तेच दिसत नाही."

रत्नमाला जवळच्याच धनज गावची. पुण्यात मोठं शिक्षण घेतलं आणि परत येऊन जिल्ह्यातल्या विसरभोळ्या म्हाताऱ्यांची डोकी तपासत फिरू लागली. तिनं सगळं आधीच उलगडून सांगितलं होतं. माणूस गाढ झोपला की मेंदूतून पाणी वाहतं आणि दिवसभराचा कचरा धुऊन नेतं. ते पाणी कुठं अडतं, आणि विसरण्याचा आजार त्या तुंबण्यातून येतो का, याचा शोध चालला होता. धुरपताबाईच्या नवऱ्याच्या, सगळं विसरत चाललेल्या गोविंदसिंगच्या डोक्याचा फोटो निघाला होता. आता त्याच घरातलं, तीच भाकरी खाल्लेलं, पण शाबूत असं धुरपताबाईचं डोकं ताडून पाहायला हवं होतं. जोडीतलं एक गळालं की दुसऱ्याचा फोटोही अभ्यासातून बाद.

"आन् यानं माहा भाऊ बरा होईन?" हिरीबाईनं विचारलं.

"नाही," रत्नमाला म्हणाली. "खोटं सांगणार नाही. काकांना याचा उपयोग नाही. झालाच तर पुढच्यांना होईल."

हिरीबाईनं असे हात झटकले की व्यवहार तिथंच मिटला. घ्यायचं काहीच नाही आणि द्यायचा मात्र सौभाग्याचा दागिना! असा सौदा मंगरूळच्या बाजारात येडंही करणार नाही.

धुरपताबाई नवऱ्याकडे पाहत होती. हा माणूस बहिणीला आई म्हणायचा आणि बायकोला नुसतं 'बाई'. रात्र रात्र जागायचा, दाराची कडी वाजवायचा. तिनं जेवायला वाढलं की मान खाली घालून जेवायचा. ती खाटेच्या कडेला टेकली की उठून उभा राहायचा. काल तर त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं होतं, "बाई, तू इतकं करते माह्यासाठी. तुह्या घरवाल्याले चालते का हे?"

तिनं हसून "चालते" म्हटलं होतं आणि चुलीपुढं जाऊन डोळे पुसले होते. धूर नव्हता, तरी.

"वयनी, चाल घरी," हिरीबाई म्हणाली. "जित्या माणसाचं मरण काढू नको."

"हिरीबाई, नवरा हाय म्हणून चांदी हाय," धुरपताबाई म्हणाली. "तो माह्या डोळ्यादेखत आतल्या आत जाऊन राह्यला. आन् मी चांदी राखत बसू?"

ती खाली बसली आणि एका बाजूचा दोरा ओढू लागली. इतक्या वर्षांच्या गाठी त्या, तेल पिऊन दगड झालेल्या. हिरीबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोडा वेळ. मग तिला राहवलं नाही.

"अशी उपटशीन तं टकली होशीन, येडपट," ती म्हणाली आणि वहिनीच्या मागे बसून स्वतःच गाठी सोडू लागली. सगळा वेळ तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता आणि बोटं मात्र लेकीची वेणी सोडवावी तशी हळू चालत होती.

काचा जडवलेली ओढणी गेली. सेंटरचा निळा झगा अंगात आला. मशीन मळणीयंत्रासारखी धडधडू लागली, आणि थोड्याच वेळात काचेपलीकडची रत्नमाला गालात हसली. बायका त्या बोगद्यासारख्या भोंगळीत देवाचा धावा करतात. ही गाढ झोपली होती. जिथं कोणासाठी जागायचं नाही, कोणी कडी वाजवत नाही, अशी जागा तिला फार दिवसांनी मिळाली होती.

बाहेर यायची वेळ आली तशी मात्र तिचे पाय अडखळले. मोकळे पांढरे केस, ओकी कानशिलं. त्यानं अशी पाहिली आणि नको ते बोलला तर? हिरीबाईनं पदर पसरून आडोसा केला, पण गोविंदसिंग उठून उभा राहिलाच.

तो तिच्या घुगरी नसलेल्या कानशिलांकडे पाहत राहिला. मग इकडंतिकडं कोणी नाही ना याचा अंदाज घेतला, पटका नीट केला आणि अगदी जवळ आला. इतका जवळ तो अलीकडं कधी येत नव्हता.

"धुरपता?" तो हळूच म्हणाला.

हिरीबाईच्या हातातली घुगरी खुळखुळली.

"तुह्यं लगीन ठरलं तं नाही ना अजून?"

धुरपताबाईनं नाही अशी मान हलवली.

"मंग मी बापाले पाठवतो तुह्या तांड्यावर," गोविंदसिंग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तवरक दुसऱ्या कोणाले हो म्हणू नको."

हिरीबाईनं डोळे पुसत घाईघाईनं घुगरीचा दोरा तोंडात ओला केला आणि वहिनीचा पेड हातात धरला. धुरपताबाईनं तिचा हात बाजूला सारला.

"थांबा, हिरीबाई," ती लाजून म्हणाली. "आधी मागणी तं येऊ द्या."