पंचाची शिट्टी

स्वान्सीच्या वाचनालयात दर बुधवारी आम्ही काही रुग्ण आणि त्यांची माणसं जमतो आणि औषधांवरचे छापून आलेले शोधनिबंध वाचतो. डॉक्टर आमच्यात कोणीच नाही. रुग्ण किती होते, पैसा कोणी पुरवला, चाचणी मध्येच सोडून गेलेल्यांचं पुढे काय झालं, एवढं विचारायला मात्र आम्ही शिकलोय.

यात ग्विलिमचा हात कोणी धरू शकत नाही. गडी रग्बीचा निवृत्त पंच. निबंधात खोट दिसली रे दिसली की खिशातली शिट्टी काढून वाजवतो आणि ग्रंथपालबाई डोळे वटारतात.

"घरात याला स्वतःचा चष्मा सापडत नाही," शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको नेरिस म्हणते, "आणि निघालाय प्रोफेसरांच्या चुका काढायला! ठेव ती शिट्टी खिशात."

काल वाचायला आला तो नेरिसच्याच औषधावरचा निबंध. तिच्या पायांतली ताकद रोज थोडी थोडी जातेय आणि सगळी भिस्त त्याच औषधावर आहे. रुग्ण हजारो, पैसा कुठल्याच औषध कंपनीचा नाही, सोडून गेलेल्या एकूणएक माणसाचा हिशोब दिलेला. निष्कर्ष एका ओळीचा होता : या औषधाने आजार थांबत नाही.

ग्विलिमने निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिट्टी त्याच्या मुठीत तशीच राहिली.

 

नेरिसने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ग्विल, वाजव ना रे एकदा. खोटी का होईना."