ठाण्यातलं बाक

फादर पास्कोल बाकावर बसले होते. मैनाबाई येऊन त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

अकोल्याच्या ठाण्यातली ही त्यांची अठ्ठेचाळिसावी सोमवारची सही. बारा गावांच्या चर्चचे ते प्रमुख. आमिष दाखवून धर्म बदलवल्याचा खटला त्यांच्यावर उभा होता. जामीन मिळाला, पण दर सोमवारी इथं सही करायची, अमरावती जिल्ह्यात पाय ठेवायचा नाही आणि साक्षीदारांशी एक शब्द बोलायचा नाही, या अटींवर. तेव्हापासून भाड्याच्या खोलीत ते एकटेच मिस्साची उपासना करत. प्रार्थनाही त्यांची, प्रतिसादही त्यांचाच.

आणि पहिली साक्षीदार होती मैनाबाई.

"फादर, मी खोट्या जबाबावर अंगठा देल्ला," ती समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली. "माह्या पोराले, सागरले कोंडून ठेवलं होतं केस करनाऱ्याईनं. म्हणे, फादरनं बाटवलं असं सांग, तं सोडतो."

फादर उठून टेबलापाशी गेले.

"झोप नाही लागत मले. दुसऱ्या फादरले गावात येऊ देत नाहीत. देव माफ करन का, हे मी कोणाले विचारू?"

टेबलामागून हवालदार शालिकराम हळूच म्हणाला, "फादर, बोलू नका. बोललेत तं मले लिहा लागन. जामीन जाईन तुमचा."

फादरांनी रजिस्टरात सही केली. पेन खाली ठेवलं. दारापर्यंत गेले. तिथून परत आले आणि मैनाबाईच्या डोक्यावर हात ठेवला.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुमच्या पापांची क्षमा करतो. जा, मैनाबाई. परतवाड्याची गाडी चुकेल."

ती पदरानं डोळे पुसत निघून गेली.

शालिकरामनं कागद पुढे ओढला. "मी सारं आयकलं, फादर. खोटी साक्ष देल्ली म्हणते ते. हेच लिहितो ना. सुटून जासान तुमी."

"तिनं ते पापाच्या कबुलीत देवाला सांगितलं, शालिकराम. ते कागदावर येत नाही."

"मंग काय लिहू?"

"मी बोललो, तेवढं लिहा."

आणि ते बाकावर जाऊन बसले, कोठडीत न्यायची वाट बघत.