'नावेचा दोर' कुणाचं?

"गाणं कुणाचं ते एकदा सांगून टाका, म्हणजे मला नाव लिहिता येईल," त्वान तिसऱ्यांदा म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

हनोईजवळच्या मो गावच्या देवळात चटई अंथरली होती. एका बाजूला गावच्या गाणाऱ्या बायका, समोर नदीपलीकडच्या ताम गावचे गाणारे पुरुष, काळी पागोटी बांधून. देवळापाशी शिळा बसवायची होती आणि 'नावेचा दोर' रचणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरायचं होतं. त्यासाठी प्रांताच्या कचेरीने त्वानला धाडलं होतं. बिचाऱ्याने दिवस मात्र चुकीचा निवडला. दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या शपथेची भावंडं. आपसांत सोयरीकसुद्धा करत नाहीत. पाहुणे चटईवर असताना इथे कुणी 'हे माझं' म्हणत नाही. यजमान म्हणतात पाहुण्यांकडून शिकलो, पाहुणे म्हणतात यजमानांकडून. ऐंशीचा म्हातारासुद्धा समोरच्याला मोठेपणा देतो आणि स्वतःला धाकटा म्हणवतो. त्वानचा कागद सकाळपासून कोराच होता.

गाणं होतं लुआबाईंचं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ते रचलं, त्याला आता साठ वर्षं झाली. तेवढ्या काळात ज्याला जमेल त्याने त्यात हात घातला. युद्धात भोंग्यावरून वाजू लागलं तेव्हा ते सैनिकाच्या निरोपाचं झालं. सहकारी शेती आली तेव्हा त्यात खत शिरलं. मग हनोईच्या एका गायिकेने टीव्हीवर, धुरात उभं राहून ते रडत रडत म्हटलं आणि ते विरहाचं ठरलं. नावेचा दोर म्हणजे मातृभूमीशी जोडलेली नाळ, असं एका प्राध्यापकाने दोनशे पानांत सिद्ध केलं. लुआबाईंनी हे सगळं हसण्यावारी नेलं. पण मागच्या वर्षी त्या एका स्पर्धेत तेच गाणं गायल्या, आणि पंचांनी त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. तिसरी ओळ मूळ चालीत नाही म्हणे. ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. मरायच्या आधी त्या दगडावर आपलं नाव बघायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. फक्त ते स्वतःच्या तोंडाने मागायची सोय नव्हती.

त्यांची सगळी भिस्त ताम गावच्या विन्हवर होती. गाणं रचलं गेलं त्या दिवशी तो समोर बसलेला होता, आणि तेव्हाचा आता तो एकटाच उरला होता.

"गाणं ताईंचं आहे," विन्ह स्वच्छ आवाजात म्हणाला. "दोर तुटला म्हणून आम्ही तीन दिवस इथे अडकलो होतो. यांच्या घरचा भात आम्ही खाऊन संपवला. चौथ्या दिवशी यांनी गाणं रचलं, कुणीतरी दोर सांधा आणि यांना घालवा म्हणून."

चटईवर हशा पिकला. इतका देखणा विनय बऱ्याच वर्षांत कुणी ऐकला नव्हता. ताम गावच्या दोघांनी तर तो पुढच्या वेळेसाठी पाठ करून घेतला. खरं बोलतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि लुआबाईंचं तोंड साठ वर्षांच्या सवयीने आपोआप उघडलं. "छे हो दादा. आम्ही धाकट्या कसल्या रचतो? तुम्ही गायलात, आम्ही मागून ओढलं." बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. हातातोंडाशी आलेला घास त्यांनी आपल्याच हाताने परत ठेवला होता.

त्वान खुशीत आला. अशी सहा गावं आपण पालथी घातलीत, आता तुमची रीत पाठ झालीय, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. जो सगळ्यात मनापासून नाही म्हणतो, गाणं त्याचंच असतं. आणि विन्हकाकांइतकं मनापासून आज कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. त्याने लिहायला सुरुवात केली. विन्हने पूर्वजांची शपथ घेतली, तेव्हा त्वानने मान डोलावली आणि अक्षरं आणखी ठळक केली.

लुआबाई हसून अभिनंदन करत होत्या. डोळे मात्र त्वानच्या कागदावर होते आणि ओतलेला चहा कपाऐवजी बशीत पडत होता.

विन्हने ते पाहिलं. त्याने हातातला विडा खाली ठेवला.

"बरं, लिहा," तो म्हणाला. "गाणं माझंच आहे. मी रचलं, एकट्याने. या बायकांना कुठलं रचायला येतंय? त्यांना तेव्हा धड भातसुद्धा शिजवता येत नव्हता."

ताम गावच्या गायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्या म्होरक्याने कपाळाला हात लावला आणि यजमानांची क्षमा मागायला सुरुवात केली. चाळीस वर्षं विन्हनेच गावच्या पोरांना शिकवलं होतं की जीभ झडली तरी 'माझं' म्हणायचं नाही. यापुढे त्याला या चटईवर कुणी बसवणार नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लुआबाईंनी चहाची किटली खाली ठेवली. "हो दादा," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुमचंच आहे."

त्वानने विन्हचं नाव खोडलं आणि खाली झोकदार अक्षरात लुआबाईंचं लिहिलं. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि म्हाताऱ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"काका, वीस वर्षं हेच काम करतोय मी," तो म्हणाला. "माणूस खरं बोलतोय की खोटं, मला पहिल्या वाक्यालाच कळतं."